विश्लेषण : बुद्धिबळात नवखे नेमके कुठे हरतात? खेळ सुधारण्यासाठी काय करावे?

सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४. जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा आणि शेवटचा डाव. दोघांचे गुण सारखे. हा डावही बरोबरीत सुटणार आणि निकाल टायब्रेकरमध्ये लागणार, असे जवळपास सगळेच धरून चालले होते. पंचावन्नाव्या चालीला चीनच्या डिंग लिरेनने आपला हत्ती एफ२ या घरात नेला आणि तिथेच सगळे फिरले. दोन्ही बाजूंचे हत्ती एकमेकांना मारून पटावरून गेले. कोपऱ्यात, ए८ या घरात बसलेल्या डिंगच्या उंटाला पळायला जागा राहिली नाही, त्यामुळे पाठोपाठ उंटही गेले. पटावर उरले राजे आणि प्यादी. डी. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला आणि १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.

या लढतीनंतर आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमी इथे महिला विश्वचषक जिंकल्यानंतर घराघरांत बुद्धिबळाची चर्चा झाली. कपाटावरचा पट खाली आला, मोबाइलमध्ये अॅप आले. पहिले काही आठवडे मजेचे जातात. मग रेटिंग एका आकड्यावर अडकते. रोज दहा डाव खेळूनही ते तिथेच राहते. ओपनिंगचे व्हिडीओ पाहून होतात, कुणी क्लासची फी भरते, कुणी ‘आपल्याला तेवढी बुद्धी नाही’ म्हणून अॅप काढून टाकते. शेवटचा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो.

नवखे हरतात कशाने?

फुकट गेलेल्या मोहऱ्यांनी. नवख्यांच्या डावात हेच कारण इतक्या वेळा दिसते की बाकीची कारणे त्यापुढे किरकोळ ठरतात. प्रतिस्पर्ध्याच्या उंटाच्या तिरप्या रेषेत आपला हत्ती ठेवला जातो. ज्या घोड्याला कुणाचा आधार नाही, तो तसाच पुढे धाडला जातो. समोरच्याने आपल्या वजिरावर हल्ला केला आहे हे दिसतच नाही, कारण लक्ष आपल्याच बेताकडे असते. मोहऱ्यांची ढोबळ किंमत सगळ्यांना माहीत असते : वजीर नऊ, हत्ती पाच, उंट आणि घोडा प्रत्येकी तीन, प्यादे एक. तीन गुणांचा घोडा फुकट गेला की पुढच्या वीस चालींतले सगळे डावपेच वाया जातात.

डिंगची चूक जातकुळीने याहून फार वेगळी नव्हती. या चालीनंतर समोरचा काय करेल, हे बघायचे राहून गेले. जगज्जेत्याकडून असे चौदा डावांच्या दमछाकीनंतर एकदा घडते, नवख्याकडून एकाच डावात पाच-सहा वेळा. त्यामुळे नवख्याला वर जायला नवे ज्ञान फारसे लागत नाही. चुका निम्म्या केल्या तरी तो बऱ्याच जणांच्या पुढे जातो.

यावरचा उपाय अगदी रुक्ष आहे. समोरच्याची चाल झाली की आधी एकच प्रश्न : ही चाल त्याने का केली, आता तो काय मारू शकतो? त्याचे उत्तर मिळाले की आपली चाल मनात ठरवायची. ती पटावर करण्याआधी समोरच्याच्या बाजूने एकदा बघायचे : त्याच्याकडे कोणते शह आहेत, तो काय मारू शकतो, कशाची धमकी देऊ शकतो? याच क्रमाने, कारण शह आणि मारामारी या चालींना आपल्याला उत्तर देणे भागच असते. या तपासणीला सुरुवातीला अर्धा मिनिट लागतो. दोन-तीन महिन्यांत ती पाच सेकंदांत होऊ लागते. अडचण एवढीच की प्रत्येक चालीला ती करावी लागते आणि अठ्ठाविसाव्या चालीला, डाव हातात आलेला असताना, तिचाच कंटाळा येतो. बहुतेक जिंकलेले डाव तिथेच हरले जातात.

खूप खेळल्याने खेळ सुधारतो का?

अर्धवट. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंतच्या लोकलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दहा-बारा डाव सहज होतात. पण तीन मिनिटांत वर सांगितलेली तपासणी करायला वेळच मिळत नाही. त्यामुळे त्या दहा डावांत पक्की होते ती न बघता चाल करण्याची सवय. हरल्यावर लगेच ‘पुन्हा खेळा’चे बटण समोर येते, राग आलेला असतो, पुढचा डाव आणखी घाईत जातो. ज्यांनी हे केले आहे त्यांना एका रात्रीत शंभर-दीडशे रेटिंग कसे गळते हे सांगायला नको.

विश्वनाथन आनंद लहानपणी विजेच्या वेगाने खेळायचा हे खरे, पण तो अपवाद दाखवून स्वतःची समजूत घालण्यात अर्थ नाही. नवख्यासाठी १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला १० सेकंदांची भर, हा प्रकार योग्य. असा डाव अर्धा-पाऊण तास चालतो. दिवसाला एकच होईल, चालेल. लोकलमध्ये डाव खेळण्यापेक्षा कोडी सोडवावीत. मध्येच दादर आले तरी काही बिघडत नाही.

कोड्यांचा एवढा उपयोग का होतो?

याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. अमेरिकेतले विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती फक्त पाच सेकंद दाखवली आणि ती आठवून पुन्हा मांडायला सांगितली. पटावर साधारण दोन डझन मोहरे होते. मास्टर दर्जाच्या खेळाडूने पहिल्याच झटक्यात सोळाच्या आसपास मोहरे बरोबर मांडले, नवख्याला चारेक जमले. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, तेव्हा मास्टरची आघाडी जवळपास संपली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती. कॅसलिंग केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि शेजारचा घोडा हे सगळे त्याला एकच चित्र म्हणून दिसत होते. आपण ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचताना अक्षरे सुटी मोजत नाही, तसेच.

ही चित्रे डोळ्यांत बसवायचा स्वस्त मार्ग म्हणजे कोडी. घोड्याने एकाच वेळी राजाला शह आणि वजिरावर हल्ला करणे, म्हणजे फोर्क. उंटाने समोरच्या घोड्याला राजासमोर जखडून ठेवणे, म्हणजे पिन. स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेल्या राजाला शेवटच्या रांगेत हत्तीने दिलेली मात. नवख्याच्या पातळीवर असे आठ-दहा प्रकार पुन्हा पुन्हा येतात. एक प्रकार निवडून आठवडाभर त्याचीच कोडी सोडवली, की तो डावातही दिसू लागतो. सुरुवात एका चालीतल्या मातेपासून करण्यात कमीपणा नाही. तिन्ही मुलींना बुद्धिबळात घडवणारे हंगेरीचे लास्लो पोल्गार यांच्या ५,३३४ कोड्यांच्या जाडजूड पुस्तकातही पहिली ३०६ कोडी एका चालीतल्या मातेचीच आहेत.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. उत्तर पूर्ण दिसल्याशिवाय बोट लावायचे नाही. अंदाजाने चाल करून ‘बरोबर आली का’ बघणे हा कोड्यांचा मटका झाला, त्यातून काही हाती लागत नाही. दहा कोडी नीट विचार करून सोडवणे पन्नास उडवण्यापेक्षा बरे.

ओपनिंग पाठ करावीत का?

समाजमाध्यमांवर सर्वाधिक खपणारा माल हाच. ‘या सापळ्यात समोरचा सात चालींत हरतो’ अशा रील्सना तोटा नाही. नवख्याला त्यातून मिळते ते फार थोडे, कारण समोरचा नवखाही पाठ केलेली चाल करत नाही. चौथ्या चालीलाच तो भलतीकडे जातो आणि पाठांतर संपते.

सुरुवातीला तीन गोष्टी पुरतात. मधली चार घरे प्याद्यांनी आणि मोहऱ्यांनी धरावीत. घोडे आणि उंट लवकर बाहेर काढावेत, एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवू नये. आणि दहाव्या चालीच्या आसपास कॅसलिंग करून राजा सुरक्षित करावा. पांढऱ्यांनी ई४, मग घोडा एफ३, मग उंट सी४, ही शेकडो वर्षे खेळली जाणारी इटालियन मांडणी या तिन्ही अटी पाळते. तिच्यावर वर्षभर काढता येते.

एक सापळा तेवढा माहीत हवाच, कारण प्रत्येक नवख्याला तो भेटतो : चार चालींची मात. दोन्हीकडची राजासमोरची प्यादी पुढे आली की पांढरा वजीर थेट एच५ वर येतो. तिथून तो ई५ च्या प्याद्यावर हल्ला करतो. पुढे उंट सी४ वर आला की दोघे मिळून एफ७ वर नेम धरतात. काळ्याने घाईत घोडा एफ६ वर आणून वजिराला डिवचले, की एफ७ वर मात. उतारा सोपा आहे, पण क्रम महत्त्वाचा. आधी घोडा सी६ वर आणून ई५ चे प्यादे सांभाळायचे आणि उंट आल्यावर प्यादे जी६ वर ढकलून वजिराला हाकलायचे. हाच क्रम उलटा केला, म्हणजे घोड्याआधी जी६ खेळले, तर वजीर ई५ चे प्यादे शह देत मारतो आणि पुढच्या चालीला कोपऱ्यातला हत्तीही घेऊन जातो. सापळा निष्फळ ठरला की पांढऱ्याचा वजीर उगाचच बाहेर भटकत राहतो आणि काळे मोहरे त्याला पिटाळत पिटाळत बाहेर येतात. ते दृश्य फार समाधानाचे असते.

आजोबांचे नियम आणि अॅपचे नियम वेगळे का?

घरी शिकलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालायचे, राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्याची उडी मारता यायची आणि शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे त्या घराचा मोहरा व्हायचे. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते, राजाची उडी नाही, त्याऐवजी कॅसलिंग आहे आणि पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा हवा तो करता येतो, आधीचा वजीर पटावर असला तरीही.

आणखी एक नियम आहे, आँ पासाँ. प्रतिस्पर्ध्याचे प्यादे दोन घरे उडी मारून आपल्या प्याद्याच्या बाजूला येऊन थांबले, तर ते एकच घर आले आहे असे समजून लगेच पुढच्याच चालीला मारता येते. नियम माहीत नसलेल्यांना वाटते, अॅप बिघडले. अॅप ठीक असते.

शेवटचा खेळ आधी का शिकावा?

कारण मोहरे कमी असले की प्रत्येकाची ताकद उघडी दिसते. १९२१ मध्ये जगज्जेता झालेल्या क्युबाच्या कॅपाब्लांकाने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाची सुरुवातही साध्या मातांनी केली होती. नवख्याच्या बाबतीत कारण आणखी सरळ आहे. एक वजीर जास्त असूनही डाव बरोबरीत सुटला, हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. समोरच्या राजाला शह नाही पण हलायला घरही नाही, म्हणजे स्टेलमेट, म्हणजे अर्धा गुण गेला.

फक्त राजा आणि वजीर उरले असताना एक युक्ती कायम चालते. वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या अडीच घरांच्या अंतरावर ठेवायचा. मग तो राजा जिकडे जाईल तिकडे वजिरानेही तेवढेच सरकायचे. शह द्यायचा नाही. राजा आपोआप कडेला आणि मग कोपऱ्यात ढकलला जातो. तो कोपऱ्यात शिरला की नक्कल थांबवायची, नाहीतर तिथेच स्टेलमेट होते. वजीर कडेची रांग अडवून उभा राहील आणि राजाला कोपऱ्यातली दोन घरे हलायला मोकळी राहतील, असे बघायचे. आता आपला राजा चालत जवळ आणायचा आणि मात द्यायची. पटावर पाच वेळा करून बघितले की विसरत नाही.

दुसरी शिकायची गोष्ट राजा आणि प्याद्यांची, जिच्यावर सिंगापूरचा डाव संपला. दोन राजे एका रांगेत समोरासमोर, मध्ये एकच घर. आता ज्याची चाल, त्याला बाजूला व्हावे लागते आणि दुसरा आत घुसतो. याला अपोझिशन म्हणतात. त्यातून निघणारा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपले प्यादे पाचव्या रांगेत आणि आपला राजा त्याच्या पुढे, सहाव्या रांगेत असेल, तर समोरचा राजा थेट पुढे उभा असो आणि चाल कुणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतोच. फक्त अगदी कडेच्या उभ्या रांगांतली प्यादी याला अपवाद. नवखे नेमके उलटे करतात. प्यादे पुढे पळवतात आणि राजा मागून येतो. मग हाच डाव बरोबरीत सुटतो.

हरलेल्या डावाचे काय करावे?

पुन्हा उघडावा. सगळ्यात जास्त टाळले जाते ते हेच काम. इंजिनीअरिंगच्या मुलांना हे पटकन समजेल : कोड चालत नाही म्हणून तोच कोड दहा वेळा रन करण्यात अर्थ नसतो, बग शोधावा लागतो. हरलेला डाव आधी इंजिनशिवाय बघावा आणि ‘इथे माझे बिघडले’ असे वाटते ती चाल नोंदवावी. मग इंजिन लावून पडताळावे. दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर शिकण्याची जागा तिथे आहे.

इंजिनच्या आकड्यांना मात्र फार मनावर घेऊ नये. उणे-अधिक एक म्हणजे ढोबळपणे एका प्याद्याइतका फरक. ०.३ आणि ०.६ यांतला फरक नवख्याच्या काहीच कामाचा नाही. आकडा एकदम दोन-तीनने कोसळतो त्या चाली बघाव्यात. अशा दहा डावांची नोंद वहीत ठेवली, तर चुकांचा साचा दिसतो. कुणाचे घोडेच सारखे फुकट जातात, कुणाला उंटाची लांबची तिरपी रेषा दिसत नाही, कुणाची घसरण वेळ संपत आल्यावरच होते. ज्याचा त्याचा बग वेगळा. क्लासमध्ये वीस मुलांना एकच धडा दिला जातो, तिथे हा शोध लागत नाही. डाव बघून त्यावर बोलणारा शिक्षक मिळाला, तर मात्र फी वसूल होते.

यासाठी पैसे मोजावे लागतातच असे नाही. लीचेस ही फ्रान्समधल्या ना-नफा संस्थेची सेवा पूर्ण मोफत आहे. कोडी, डावांचे विश्लेषण, स्वतःच्या चुका पुन्हा सोडवण्याची सोय, अंत्यखेळाचा सराव, सगळे त्यात मिळते. चेस डॉट कॉमवर खेळाडूंची गर्दी मोठी, पण कोडी आणि विश्लेषण यांवर मोफत खात्यात मर्यादा आहेत. डाव चालू असताना इंजिनची मदत घेणे दोन्हीकडे निषिद्ध आहे आणि पकडले गेल्यास खाते बंद होते.

वय झाल्यावर शिकता येते का?

ग्रँडमास्टर व्हायचे असेल तर लहानपण लागते, यात वाद नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्याला किंवा स्वतःच्या मुलाला हरवायचे असेल तर लागत नाही. किती तास लागतील याला ठरावीक उत्तरही नाही. अर्जेंटिनाच्या खेळाडूंवर फर्नांड गोबे आणि गियर्मो कॅम्पिटेली यांनी केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मास्टर पातळी गाठायला कुणाला तीन हजारांच्या आसपास तास लागले, तर कुणाला तेवीस हजारांहून जास्त. त्यामुळे शेजारचा मुलगा सहा महिन्यांत पुढे गेला म्हणून आपल्या मुलीला रागावणे हा शुद्ध अन्याय आहे. लहान मुले बुद्धिबळ सोडतात त्यामागे हरण्यापेक्षा हरून घरी आल्यावर काय ऐकावे लागते, याचा वाटा मोठा असतो. ‘किती गुण?’ याऐवजी ‘कोणता डाव दाखवतोस?’ असे विचारून बघावे.

अॅपवरचे रेटिंग आणि खरे रेटिंग एकच का?

नाही. लीचेसवर नव्या खेळाडूची सुरुवातच १५०० पासून होते आणि तिथले आकडे सहसा चेस डॉट कॉमपेक्षा चढे असतात. दोन अॅपच्या आकड्यांची तुलना म्हणूनच निरर्थक. एकाच ठिकाणचा, एकाच वेळप्रकारातला आपला आकडा तीन महिन्यांपूर्वी किती होता, एवढेच बघावे. एलो पद्धतीत २०० गुणांनी वरचा खेळाडू दर चार गुणांतले सरासरी तीन मिळवतो. म्हणजे तगडा प्रतिस्पर्धीही अधूनमधून हरतोच.

आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे फिडेचे रेटिंग हवे असेल तर प्रत्यक्ष स्पर्धेत, पटावर बसून, रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात. १ मार्च २०२४ पासून फिडेने यादीची खालची मर्यादा १४०० केली आहे, त्याखालचे रेटिंग प्रसिद्धच होत नाही. स्पर्धेच्या हॉलमध्ये दोन गोष्टी अॅपच्या सवयीला धक्का देतात. लांब पल्ल्याच्या डावात प्रत्येक चाल हाताने कागदावर लिहावी लागते. आणि मोहऱ्याला हात लागला की तोच खेळावा लागतो, मागे घेता येत नाही. खेळताना खिशात मोबाइल सापडला तर डाव तिथेच जातो, त्यामुळे तो बाहेर पालकांकडे ठेवलेला बरा.